कंपनीचा फिल्टर की लाल फिल्टर

गाडी घरी आणली तेव्हा पिंपळवंडीत पहिला प्रश्न आला तो असा, "वैनी, हिला नांगर कुठं जोडायचा?" विचारणारे आमचे शेजारी. मी म्हटलं, "तुमच्या जिभेला जोडा भाऊ, लई खोल नांगरती ती." माझं हे असंच आहे. पोरांना कुणी बोललं तरी मी एकवेळ ऐकून घेते, गाडीला बोललेलं मला खपत नाही.

गाडी तशी छोटीच, पण टर्बो इंजिनाची. पुण्यातल्या एका हौशी माणसाने वापरलेली. त्याने तिचं ट्युनिंग वाढवून घेतलेलं होतं. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पाठ सीटला चिकटते आणि पोटात गोळा येतो. त्या गोळ्यासाठीच मी ती घेतली, उगाच खोटं कशाला सांगू. नवऱ्याने विरोध केला नाही, फक्त एक अट घातली. "घे. पण हौसेपायी इंजिन बसलं, तर दुरुस्तीच्या नादी लागायचं न्हाई. गाडी इकायची." मी कबूल झाले. त्यांनी स्वतः तिच्या स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. त्यांना आपली पिकअप बरी वाटायची.

मग कळलं की पुण्याच्या बाजूला मातीच्या ट्रॅकवर, घड्याळ लावून गाड्या पळवायची स्पर्धा आहे आणि त्यात बायकांचा वेगळा गट आहे. मी त्याच दिवशी नाव दिलं. त्यानंतर मला काही सुचेना. टोमॅटोला तार बांधताना तोंडाने गिअर बदलायची. शेण काढताना वळणं घ्यायची. सासूबाई म्हणायच्या, "उतावळा नवरा न गुडघ्याला बाशिंग." मी म्हणायची, "आत्या, नवरा न्हाई, बायको."

स्पर्धेआधी ऑइल बदलायचं ठरलं, आणि ऑइल बदलायचं म्हणजे फिल्टरही बदलायचा. इथे घरात दोन पक्ष पडले.

धाकटा दीर चाकणला कामाला आहे. तो सुट्टीला येताना माझ्यासाठी लालभडक फिल्टर घेऊन आला, ऑनलाइन मागवलेला. बुडाला पाना लावायला नट, अंगावर पांढरे पट्टे. कुंकवाच्या करंड्यासारखा हातात घेऊन बघत बसावा असा. "वैनी, कंपनीचा फिल्टर बाजाराला जाणाऱ्या गाड्यांना ठीक हाय," तो म्हणाला. "तुमी रेसला चाललाय. तेल मोकळं वाहिलं पायजे."

"ज्यांनी इंजिन केलं त्यांना कळत नसंल व्हय, कुठला फिल्टर लागतो ते?" नवरा म्हणाला.

"त्यांनी कुठं रेससाठी केलंय?"

दोघांचं बराच वेळ चाललं. फिल्टर ही गोष्ट आमच्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. सगळी शेती ड्रिपवर. जाळी बारीक घेतली की कचरा अडतो, पण शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही. मोकळी घेतली की पाणी धो धो जातं आणि चार दिवसांनी ड्रिपर चोंदतात. इंजिनाचंही तेच, पाण्याच्या जागी तेल एवढाच फरक. तेव्हा दोघांचंही बरोबर होतं. पण मला लाल हवा होता, आणि मी लालच बसवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली, तर इंजिनातून खर्रर्र असा आवाज आला. डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा जरा जास्त वेळ पेटून राहिला, मग विझला आणि आवाजही थांबला. मी खूश. म्हटलं, हा रेसिंगचा आवाज. दिवसभरात कितीदा बंद-चालू केली तरी तो आवाज परत आला नाही. पुढच्या सकाळी मात्र पुन्हा खर्रर्र.

त्याच सकाळी विहिरीवरची मोटर पाणी उचलेना. नुसतीच कोरडी ओरडायला लागली. "फुटव्हॉल्व गेलाय," नवरा म्हणाला. पाइपाच्या तळाशी, विहिरीतल्या पाण्यात ती झडप असते. तिचं रबर खराब झालं की रात्रभर पाइपातलं पाणी विहिरीत उतरतं आणि सकाळी मोटर हवा खाते. मग वरून बादलीने पाणी ओतून पाइप भरायचा. ती बादली माझ्याच हातात होती. मोटरचं ओरडणं ऐकता ऐकता मला गाडीचं खर्रर्र आठवलं. रात्रभर उभं राहिल्यावर सकाळी ओरडायचं, एकदा भरलं की गप्प व्हायचं. मी बादली तिथेच ठेवली.

"अहो, गाडीचाबी फुटव्हॉल्व गेलाय."

मी नेटवर शोधलं. तशी झडप फिल्टरच्या आत खरंच असते. गाडी बंद झाल्यावर तेल खाली उतरू नये म्हणून रबराची चकती. ती नीट बसत नसेल तर रोज सकाळी इंजिन थोडा वेळ बिनतेलाचं फिरतं. मला रडूच यायला लागलं. लाल फिल्टरच्या हौसेपायी मी रोज सकाळी माझंच इंजिन घासत होते.

"आधी मोजू, मग रड," नवरा म्हणाला. त्यांनी ड्रिपच्या सँड फिल्टरवरचा प्रेशर गेज काढून आणला. जिथे तेलाच्या दिव्याचा सेन्सर बसतो तिथे जोडणी केली, तिला ड्रिपचीच काळी नळी, वर घट्ट क्लिप. पाण्याचं प्रेशर आम्ही आयुष्यभर असंच मोजलंय. मी चावी फिरवली. काटा झर्रकन वर गेला, नळी फुगली आणि फटकन निसटली. तेलाची चिळकांडी गोठ्याच्या भिंतीवर, तिथून नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर. मी तेवढ्यात बंद केलं म्हणून वाचलो. हात दाखवून अवलक्षण. शर्टाकडे बघून मला असं हसू फुटलं की बोनेटला धरून खाली बसले. तेही हसायला लागले, आणि त्या अवतारातच त्यांनी मंचरच्या ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. भिंतीवरचा डाग अजून आहे.

मेकॅनिकने टेम्पोत घालून गाडी नेली आणि आपला गेज लावला. गरम इंजिनावर लाल आणि कंपनीचा, दोन्ही फिल्टर सारखेच. काटा दोन्हींना एकाच आकड्यावर. दीर फोनवर होता, तो लगेच म्हणाला, "बगा, म्या काय म्हनत व्हतो?" मेकॅनिक म्हणाला, "गाडी आज ऱ्हाऊ द्या हितंच. सकाळी बगू."

सकाळी आम्ही मंचरला हजर. लाल फिल्टर लावलेला. इंजिन सुरू झालं, खर्रर्र वाजलं आणि काटा शून्यावर पडूनच. मग कुठे तो हलला. पुढच्या सकाळी कंपनीचा फिल्टर. इंजिन लागलं आणि त्याच दमात काटा वर. आवाज नाही, काही नाही. मेकॅनिकने दोन्ही फिल्टर माझ्या हातात दिले आणि भोकातून आतलं रबर पेनाने दाबायला लावलं. कंपनीचं मऊ, दाबलं की परत येणारं. लालचं वाळल्या चपलेसारखं. "भायेरचे समदेच असे नसत्यात," तो म्हणाला. "काही तर कंपनीपेक्षा भारी येत्यात. ह्यो तुमचा नकली असंल."

दिराचं एक म्हणणं खरं होतं. ट्रॅकवर गाडी गरमच असते, तिथे सकाळच्या आवाजाचा काय संबंध? आणि जोरात पळताना मोकळ्या फिल्टरचा फायदा झालाच असता तर? हा किडा माझ्या डोक्यात शेवटपर्यंत वळवळत होता. पण मला एका दिवसाची गाडी नको होती. मला ती पुढची कितीतरी वर्षं हवी होती. मी कंपनीचाच ठेवला आणि दिराला सांगितलं, तुझा लाल शोकेसमध्ये मांड.

ट्रॅकवर माझा नंबर आला. झेंडा पडला. पहिलं लांब वळण आलं, मी पाय काढला नाही, मागची चाकं माती उडवत सरकली आणि मी काय ओरडले ते माझं मलाच ठाऊक. एक डोळा वळणावर, एक तेलाच्या दिव्यावर. दिवा पेटला नाही. दुसऱ्या वळणाला मी दिवा विसरले. तिसऱ्याला घर, टोमॅटो, सगळंच विसरले. मला एवढा आनंद होऊ शकतो हे मला माहीतच नव्हतं. नंबर कुठेतरी मधेच आला. खाली उतरले तर नवरा दोरीपाशी उभा, टोपी हातात, ओरडून ओरडून घसा बसलेला. गाडी शांतपणे उभी होती, इंजिन एका लयीत चालू.

"चावी दे," ते म्हणाले. "दमली आसशील."

मी चावी दिली आणि शेजारी बसले. खेडपर्यंत ते पिकअप चालवतात तशीच चालवत होते. मंचरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, त्यांनी पाय दाबला, टर्बोने ओढलं आणि ते सीटला चिकटले. "आयला," एवढंच म्हणाले. कळंब गेलं, नारायणगाव गेलं. मी डोळे मिटून पडले होते. उघडले तर आमच्या घराचा फाटा मागे पडत होता.

"अहो, फाटा गेला आपला."

"जाऊ दे," ते म्हणाले आणि गिअर बदलला. "आळेफाट्यावरनं वळून येऊ."