खड्याला चिकटलेला बुडबुडा

बाबांनी आईला दिलेल्या अंगठीतला पुष्कराज खरा आहे का, हे पाहायला आई आणि मी रत्न तपासणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी खडा अंगठीतून काढून आधी नुसता तोलला, मग तारेला टांगून पेल्यातल्या पाण्यात. दोन वजनांतल्या फरकावरून घनता कळते, आणि घनतेवरून काच की रत्न ते. आकडा स्थिरावला, तरी बाई लिहून घेईनात. खड्याला मोहरीहून लहान बुडबुडा चिकटला होता. मऊ ब्रशने त्या तो सोडवू लागल्या.

"एवढ्याशाने काय होतंय?" आई दाराशी बसूनच म्हणाली.

"खडा आहे त्याहून हलका ठरतो, काकू. उगाच अन्याय नको."

माणसाबद्दल मत बनवताना इतकं थांबलेलं मी कुणाला पाहिलेलं नाही.

बाई पुन्हा आकड्याकडे वळल्या. निकालाला घाबरून इतका वेळ दाराशी बसलेली आई उठली, पेल्यापाशी वाकली आणि म्हणाली, "थांबा. खालच्या बाजूला अजून एक आहे."