शेफ व्हायला निघाले आणि किनवटला पोचले

फेब्रुवारीतली गोष्ट. लातूरच्या कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्राचा तोच धडा सलग अकराव्या वर्षी शिकवताना मी मध्येच थांबले. पुढचं वाक्य आठवत होतं, पण बोलावंसं वाटेना. आईला जाऊन सात महिने झाले होते. तिनं किनवटकडच्या एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात आयुष्यभर स्वयंपाक केला आणि मला पाचवीपासून लातूरला मावशीकडे शिकायला ठेवलं. चौतिसाव्या वर्षी मला शेफ व्हायचं होतं, आणि तेच तिला सांगायचं राहून गेलं होतं.

आई गेल्यापासून बाबा लातूरला माझ्याकडेच असतात. त्यांना सांगितलं. त्यांनी हातातला पेपर घडी घालून खाली ठेवला.

लातूरमधल्या शेफचा कोर्स चालवणाऱ्या एका संस्थेत तासभर नोकरीच्या हमीबद्दल ऐकलं. स्वयंपाकघराला मात्र कुलूप होतं. म्हणून नांदेडची संस्था बघायला निघाले. सकाळची एसटी अहमदपूर, लोह्यावरून साडेतीन-चार तासांत पोचवते. बायकांना अर्धं तिकीट. लोह्याला भजी गरम मिळतात, पण गाडी फार थांबत नाही.

नांदेडला मी आधी स्वयंपाकघरच दाखवा म्हणाले. प्रत्येकाला वेगळी शेगडी होती, भांडीही मुलंच घासत होती. तिथल्या सरांनी माझं वय विचारलं आणि सरळ सांगितलं: दिवसभर उभं राहावं लागेल, पाय सुजतील, सुरुवातीला पगार आताच्या निम्माही नसेल. त्यांनी काही लपवलं नाही, म्हणून ते पटले. तुम्हीही असा कोर्स निवडत असाल तर चालू वर्ग बघितल्याशिवाय फी भरू नका.

फॉर्म घेऊन घरी यायचं होतं. पण रात्री नांदेडलाच राहिले आणि दुसऱ्या दिवशी आईच्या माणसांना भेटायला किनवटच्या रेल्वेत बसले. हिमायतनगरच्या पुढं सागाचं जंगल लागतं. पानं गळून ते उघडं पडलं होतं.

आईबरोबर तीस वर्षं काम केलेल्या शेवंताबाई वसतिगृहामागंच राहतात. जयभीम केला, जवळ बसले, शेफ व्हायचंय म्हणून सांगितलं. खरं तर मला आईचा होकार त्यांच्या तोंडून हवा होता.

अंबाडी निवडता निवडता त्या म्हणाल्या,

“तुझी माय एकच म्हणायची, पोरी. मी जळाले तेवढं बास. माझी लेक चुलीपाशी दिसाया नको.”

“तिला स्वयंपाक आवडत नव्हता?”

“आवडतंय का, हे कुणी इचारलंच न्हाई तिला.”

मग त्यांनी पावसाळ्यातल्या ओल्या लाकडांचं सांगितलं. धुरानं आईची छाती भरली होती, आणि लेकीला कळू देऊ नका म्हणून तिनं सगळ्यांना बजावलं होतं. मी सुट्टीत भेटायची तेव्हा ती खोकायची. वयाचा दमा असेल, असं मी धरून चालले होते.

शेवंताबाईंनी भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. मी खाली मान घालून जेवले.

परतल्यावर बाबांना सगळं सांगितलं.

“मला ठाऊक हाय,” एवढंच ते म्हणाले, आणि उठून बाहेर गेले.

चार दिवसांनी मी नांदेडचा फॉर्म भरला. आईला या कामात गरजेनं ढकललं. मी स्वतःहून निघाले आहे. एवढ्या फरकावर विसंबून जायचं आहे. तिच्या मनाविरुद्ध केलेली ही माझी पहिलीच गोष्ट. ती असती तर रागावून तिनं माझ्याशी बोलणं सोडलं असतं, आणि मी तिच्याजवळ बसून तिला समजावत राहिले असते.