शेजारणीची पाटी

औंधच्या पूर्वेकडच्या एका वाडीत आता निरक्षर असं एकच माणूस उरलं आहे, असं तालुक्याच्या शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी गेल्या पंधरवड्यात सांगितलं. "तसं तेही निरक्षर नाही," ते म्हणाले, "पण परीक्षा पुरी करत नाही." सरकारच्या प्रौढशिक्षणाच्या मोहिमेवर आणि सांगलीच्या औद्योगिक शिक्षणसंस्थेवर मला लिहायचंच होतं. दोन्ही एकाच फेरीत पाहावं म्हणून सकाळच्या एसटीनं सातारा सोडलं.

रहिमतपूरमार्गे औंधला जाणार असाल तर डावीकडची खिडकी धरा. उजवीकडून थंडीतलं ऊनही डोळ्यांत शिरतं. औंधला उतरून आधी यमाईचा डोंगर चढलो. वरून पूर्वेचा माळ पार क्षितिजापर्यंत दिसतो, आणि आपल्याला कुठवर चालायचं आहे तेही कळतं. खाली स्टँडजवळ पिठलं-भाकरी बरी मिळते. पुढे वाडीपर्यंत गाडी नाही.

वाडीत बहुतेक घरं धनगरांची, एका अंगाला बौद्धांची आळी. वाडीत निरक्षर कोणी ठेवायचं नाही, असं सगळ्यांनी बिरोबापुढे भंडारा उचलून, शपथेवर ठरवलेलं. पुरुष पावसाळ्यात शिकले, पास झाले आणि दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरले. बायकांचा वर्ग दुपारी देवळातच भरतो. परीक्षेत पाटीवर आपलं पूर्ण नाव लिहून मोठ्यानं वाचावं लागतं. ते उरलेलं एक माणूस म्हणजे हिराबाई. त्यांनी नाव वळणदार लिहिलं होतं. वाचताना मात्र त्या पहिलं नाव म्हणाल्या, आडनाव म्हणाल्या आणि थांबल्या.

"मधलं कोण वाचणार?" गुरुजींनी विचारलं.

"दिसतंय की तुमास्नी."

"परीक्षा माझी नाही, हिराबाई."

बाकीच्या बायकांनी उखाण्यात गुंफून नवऱ्याची नावं घेऊन टाकली होती. हिराबाईंचं म्हणणं वेगळं होतं. "धनी वाटंवर हाय. वाटंवरच्या माणसाचं नाव बायकूनं घिऊ न्हाई, मेंढरावर येतं. माझ्या सासूनं एक साल घेतलं, तवा मेंढरांच्या वाघरजाळीत लांडगा शिरला."

शेजारी बसलेल्या शांताबाई बौद्ध आळीतल्या. त्या म्हणाल्या, "आमी सोडलं ते समदं. मी सरळ वाचलं, आमचा मालक धडधाकट हाय. कवा कवा वाटतं, लयच धडधाकट हाय."

बायका हसल्या. हिराबाईही हसल्या. "तुझा मालक घरात हाय, बाई. माझा घाटाखाली हाय."

पायरीवर बसलेले म्हातारे आबा मात्र हसले नाहीत. "भंडारा समद्यांनी उचललाय, हिरा. देवाला दिल्याला शबूद तुझ्यापायी ऱ्हायला." हिराबाईंनी पदरानं पाटी पुसली, ती बराच वेळ पुसतच राहिल्या. निघताना त्यांनी भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली. त्यांचा मुलगा बिरा सांगलीच्या संस्थेत टर्नरचं काम शिकतो, त्याच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी पुसेसावळी, कडेगाव करत पलूस. कडेगावपर्यंत रस्ता गाडीला आणि पाठीला सारखाच जड जातो. पलूसला ऊस दिसू लागतो. तिथे गुऱ्हाळावर गरम काकवी मागा, कोणी नाही म्हणत नाही. सांगलीत स्टँडजवळ उतरायची सोय आहे, खोली मागच्या बाजूची घ्यावी.

संस्थेच्या कारखान्यात लेथ एका सुरात चालू होते. बिरानं एक लोखंडी दांडा कातून काढला, पुसला आणि न मोजताच शेजारच्या पोरापुढे ठेवला. मी विचारलं, तेव्हा म्हणाला, "आपला जॉब आपण मोजायचा न्हाई. आपला हात आपल्याच बाजूनं मोजतो. शेजाऱ्यानं आपला मोजायचा, आपण त्याचा. सरांनी पहिल्यापासनं तसंच लावलंय."

जेवणाच्या सुट्टीत त्याला आईची अडचण सांगितली. तो आधी हसला, मग भाकरी हातातच राहिली. "बा वाटंवर असताना ती न्हाईच घ्यायची. आबा बोलला आसंल तिला."

"बोलले."

तो चटणीला भाकरी लावत म्हणाला, "आवं, मग शांताकाकूनं आयंची पाटी वाचावी की. आयंनं काकूची. हितं करतो तसं."

परतताना वाट वाकडी करून पुन्हा वाडी गाठली. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "स्वतःचं नाव पाठही असू शकतं. दुसऱ्याचं वाचायचं तर वाचताच यावं लागतं. हे जास्त बरं." लगेच त्यांनी पाट्या बदलायला लावल्या.

शांताबाईंनी वाचलं, "हिराबाई मायाप्पा कोळेकर."

हिराबाईंनी एकदा पश्चिमेला, घाटाच्या दिशेला पाहिलं. मग त्या हातातल्या पाटीवर वाकल्या. "शांताबाई... भ... भगवान कांबळे."

"व्हय, त्योच," शांताबाई म्हणाल्या. "दुसरा न्हाई."

आबांनी पायरीवरून विचारलं, "देवाला चालंल का असलं?"

"भंडारा वाचाय यावं म्हणून उचलला, आबा," हिराबाई म्हणाल्या. "नाव घ्याय न्हाई." आबा तंबाखू मळत बसले.

घरी आल्यावर हा मजकूर बायकोला वाचायला दिला. ती मॅट्रिक झालेली आहे. तिनं सगळा मोठ्यानं वाचला, दोन चुका काढल्या, आणि शेवटी लेखकाचं नाव आलं तिथं कागद घडी करून माझ्या हातात दिला. तेव्हा हिराबाईंवर हसावं असं माझ्याकडे फारसं काही उरलं नाही.

येत्या सोमवारची परीक्षा पाट्या बदलूनच घ्यायची, असं विस्तार अधिकाऱ्यांनी काल कळवलं. गुरुजींना निकालाची काळजी नाही. सगळी वाडी साक्षर झाल्याचा सोहळा मात्र पावसाच्या आधी, मेंढरं घाट चढून आल्यावर होईल. सोमवारची पाटी तोवर पुसायची नाही, असं हिराबाईंनी ठरवलं आहे. मायाप्पा पास झालेले आहेत. मधलं नाव ते स्वतः वाचतील.