दीड दिवसाचा सल्लागार

कॉलेजात नोटीसबुक फिरायचं तेव्हा आम्ही प्राध्यापक ते कधी वाचत नसू. शिपायानं समोर धरायचं, आम्ही सही ठोकायची. सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्याच सवयीनं मी सोलापूरच्या सरकारी विश्रामगृहात, खुद्द मंत्र्यांसमोर, एका कागदावर सही ठोकली. मला वाटलं, हजेरीचा आहे.

सुताच्या टंचाईवर सल्ला द्यायला मला बोलावलं होतं. एरवी मी अर्थशास्त्राचा मास्तर; पण दारात सरकारी जीप उभी राहिली की मास्तरचा अर्थशास्त्रज्ञ व्हायला वेळ लागत नाही. तासभर बोललो. लहान विणकरांना सूत स्वस्त दरात, सहकारी सोसायटीतूनच मिळालं पाहिजे, हे तीनतीनदा सांगितलं. मंत्री मान डोलवत होते. कुणी एक प्रश्न विचारला नाही. वर्गात इतकी शांतता असली की कुणी ऐकत नाहीये हे मला लगेच कळतं. तिथं कळलं नाही.

निघताना सचिव जीपपर्यंत आले. "तुमची संमती मिळाली, काम सोपं झालं," म्हणाले आणि सीताफळांची करंडी आत ठेवायला लावली.

संमती? कशाला?

घरी आलो तर बायकोनं करंडीला हात लावला नाही. "एवढं काय बोललात तिथं?"

सकाळी शेजारचे विणकर आले. घरात दोन माग, नवरा-बायको मिळून चादरी विणायचे. रोज आत येऊन बसणारा माणूस उंबऱ्याबाहेरच थांबला.

"सर, लहान मागवाल्यांचं सोसायटीचं सूत बंद, आता व्यापाऱ्याकडनं घ्यायचं म्हणतेत. तुम्हीच सांगितलं म्हणे. खरं काय?"

माझ्या 'नाही'वर त्यांचा विश्वास बसला नाही. माझाही बसेना.

तसाच करंडी खांद्यावर घेऊन विश्रामगृहावर गेलो. मंत्री नाश्ता करत होते. करंडी ठेवली आणि कागद मागितला. सचिवांना तो दोनदा सापडला नाही, तिसऱ्यांदा सापडला. विणकर म्हणाले तेच त्यात टाइप केलेलं आणि खाली माझी झोकदार सही. तिच्याखाली मी लिहिलं: 'वरील मजकूर न वाचता सही केली होती. मला हे मान्य नाही.'

मंत्री हसले. "प्रोफेसर, न वाचता सही केली असं लिहून देताय? पोरं काय म्हणतील?"

"आत्ता म्हणतात तेच म्हणतील, साहेब."

परतायला जीप मिळाली नाही. सरकारला सल्ला देण्याची माझी कारकीर्द दीड दिवसात आटोपली होती, तरी घरी येईतो छाती चांगलीच फुगली होती. सगळं रंगवून सांगितलं. बायको मेथी निवडत ऐकत होती.

"तो कागद आता कुणाकडं आहे?"

"सचिवांकडं."

"मग बसलात काय? आधी शेजारी जा, काय लिहून आलात ते शब्दन् शब्द सांगा. पेठेतल्या चार घरांना ठाऊक झालं, तर कागद गहाळ करताना त्यांना जरा तरी जड जाईल."