तेलगावच्या शाळेत नावं लिहिली त्या दिवशी

गोदेचं पत्र आलं तेव्हा मी भाषण पाठ करत होते. विषय अर्थातच स्त्रीशिक्षण. आमच्या नगरच्या महिला मंडळात माझ्या भाषणांना बरी गर्दी होते, आणि खोटं कशाला बोलू, मला ती गर्दी आवडते.

गोदा माझी शाळेतली मैत्रीण. लग्न होऊन मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात गेली, तीन वर्षांत विधवा झाली, आणि पुष्कळ वर्षं दिराच्या घरी चूल फुंकल्यावर एकदाची बीडच्या पलीकडे तेलगावात मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर मुलींची शाळा चालवायला लागली. अकरा मुली, एक फळा आणि निजाम सरकारचा बेताचा पगार. पत्रात तिनं लिहिलं होतं की गावातल्या कुणीतरी वर अर्ज केलाय. बायकांना शाळा नकोच आहे, मास्तरणीला पगार हवाय म्हणून हे चाललंय, असा. आता शाळाखात्याचे साहेब, ज्यांना तिकडे मोहतमीम म्हणतात, ते कार्तिकी पौर्णिमेनंतर स्वतः येऊन आयांना विचारणार. बायकांनी समोर येऊन आपल्या तोंडानं सांगितलं तर शाळा राहील, नाहीतर बंद. "मग मी परत दिराच्या दारात," असं लिहून तिनं खाली एकच ओळ लिहिली होती: तू ये, तुला बोलता येतं.

हे वाचल्यावर मी थांबते होय! ह्यांनी, म्हणजे आमच्या वकीलसाहेबांनी, हसून परवानगी दिली. सासूबाईंचे गुडघे धरलेत, पण घरी माझी थोरली लेक कमल असतेच. श्रावणापासून तिला शाळेतून तात्पुरतं काढलंय, त्यामुळे भाकऱ्यांची काळजी नव्हती. दुसऱ्याच दिवशी मी मोटारीत बसले.

ज्यांना कुणाला हा प्रवास करायचा असेल त्यांच्यासाठी सांगते. नगरहून बीडची मोटार पहाटे सुटते म्हणतात आणि ऊन चढल्यावर सुटते. पुढच्या बाकावर बसा, मागे धुळीनं केस पांढरे होतात. कडा गावाच्या अलीकडे हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका आहे. तिथं सामान उघडून बघतात. माझ्या डब्यातल्या लाडवांवर शिपायाची नजर गेली तेव्हा वाटलं, गेले लाडू. पण लाडू त्यानं अदबीनं परत दिले आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेला पुण्याचा पेपर तेवढा जप्त केला! इकडचे पेपर तिकडे चालत नाहीत, तेव्हा पेपर नेऊ नका, फडकं न्या. नाक्यावरच आपले कलदार रुपये मोडून निजामाची हाली नाणी घ्या, पुढे गाडीवाले कुरकुर करतात.

घाटात सीताफळांच्या पाट्या घेऊन बाया बसल्या होत्या. टोपलीभर घेतली आणि बीड येईपर्यंत मोटारीतल्या सगळ्यांनी मिळून संपवली. बीडला एका ओळखीच्या वकिलांकडे मुक्काम केला. सकाळी कंकालेश्वराचं देऊळ पाहिलं. पाण्याच्या मधोमध काळ्या दगडाचं देऊळ आहे, आवर्जून बघा. तिथून पुढे मात्र मोटार नाही. बैलगाडीनं वडवणीला एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी मी तेलगावला पोचले, तेव्हा माझं एकेक हाड गाडीवानाचं नाव घेत होतं.

गोदा पार वाळली होती. पण मुली! ओसरीवर ओळीनं बसून बाराखडी म्हणत होत्या, आणि पुढची एक लहानशी सोनी नावाची पोर तर आवाज असा लावत होती की गाभाऱ्यातल्या मारुतीनं कान झाकावेत. संध्याकाळी गोदेनं ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा वाढला. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्यांचं पीठ. नगरला परत आल्यावर मी करून पाहिली, ती चव आली नाही.

साहेब यायला दोन दिवस होते. मी आयांना देवळात जमवलं. कापूस वेचून आलेल्या, लुगड्याला बोंडांची टरफलं चिकटलेल्या बायका. शाळा हवी का म्हणून विचारलं तर सगळ्या हो म्हणाल्या. मग साहेबांचा कारकून काय विचारील ते मी सांगितलं. तुझं नाव काय आणि नवऱ्याचं नाव काय. त्यावर सगळ्या पदराआड हसल्या. माझ्या लक्षात आलं, या नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आमच्याकडेही जुन्या बायका घेत नाहीत, पण इथं तर पंचविशीतल्या पोरी!

त्यावर त्यांच्याजवळ त्यांचा तोडगा होता. शेवंता नावाची बाई शेजारणीकडे बोट करून म्हणाली, हिच्या मालकाचं मी सांगते, माझ्या मालकाचं ही सांगंल. बाजारात, दवाखान्यात, सावकाराकडे, सगळीकडे त्या असंच करत आल्या होत्या. कुठं जायचं तर जोडीनं जायचं आणि एकमेकींच्या नवऱ्यांची नावं सांगायची. आता शहाणी बाई काय करील? बरं म्हणेल. पण मी पडले भाषण देणारी. मी म्हटलं, अजिबात नाही, ज्या बाईला स्वतःच्या नवऱ्याचं नाव घेता येत नाही ती आपला हक्क काय मागणार! मी माझ्या नवऱ्याचं नाव तीनदा मोठ्यानं घेऊन दाखवलं आणि विचारलं, पडलं का देवळाचं छत? त्यांना भारी मौज वाटली. पुन्यांदा म्हना बाई, असं म्हणाल्या, मी पुन्हा म्हटलं. मग दोन दिवस मी त्यांची घोकंपट्टी घेतली. माना सगळ्यांनी डोलवल्या. मान डोलवणं म्हणजे पाहुणीचं मन राखणं, हे मला कोण सांगणार?

गोदेनं सांगायचा प्रयत्न केला होता. ती म्हणाली, "अगं, त्या तुझ्यासाठी हसतायत. त्यांना त्यांच्या पद्धतीनं करू दे." मी तिलाच झापलं की अशानंच आपण मागे राहिलो.

साहेब आले. पांढऱ्या दाढीचे, बोलायला मवाळ, मराठी चांगलं येणारे गृहस्थ. देवळाच्या ओसरीवर दोरीला सतरंजी टांगली. अलीकडे बायका, पलीकडे साहेब आणि त्यांचा कारकून. गावातले पुरुष पारावर कान देऊन बसले होते. मी आणि गोदा सतरंजीच्या कडेला उभ्या होतो, त्यामुळे दोन्ही बाजू दिसत होत्या.

पहिली शेवंता. स्वतःचं नाव तिनं खणखणीत सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारल्यावर गप्प. मी डोळे वटारले, ओठांनी नाव सुचवलं, काही उपयोग नाही. पारावर तिचा सासरा बसलेला, आणि ही त्याच्यादेखत त्याच्या लेकाचं नाव घेणार! तिनं सवयीनं शेजारणीकडे पाहिलं, शेजारीण बोलायला लागली, तसा कारकून खेकसला, "इनको खुद बोलने दो." दुसरी आली, तीही तिथंच अडली. तिसरी रडायलाच लागली. चौथी उठलीच नाही. पारावर कुणीतरी हसलं.

साहेबांनी टाक खाली ठेवला. ते रागावले नव्हते, त्यांना वाईटच वाटलं असावं. ते मला म्हणाले, "बाई, यांना साध्या दोन गोष्टी सांगता येत नाहीत. शाळा यांनाच हवी आहे, हे मी कशावरून लिहू?"

गोदेनं माझा दंड धरला होता. मला भडाभडा बोलावंसं वाटलं, पण काय बोलणार? दोन दिवस मीच त्यांच्या तोंडाला कुलूप घातलं होतं. त्यांनी जोडीजोडीनं सांगायचं ठरवलं होतं तसं मी आधीच साहेबांना विनवलं असतं तर ते नाही म्हणाले नसते, इतका तो माणूस भला होता. जन्मात इतकी लाज वाटली नव्हती.

तेवढ्यात मागून राहीबाई उठली. ही सोनीची आजी, धनगराची म्हातारी. माझ्या घोकंपट्टीला ती एकदाही आली नव्हती, मेंढरं सोडून कोण येतं म्हणाली होती. ती सतरंजीजवळ आली आणि खाली बसून तिनं शांतपणे विचारलं, "साहेब, मालकाचं नाव कावून पायजे? साळंत मालक बसनार हाय का लेक?"

पारावरचं हसू बंद झालं. साहेबांनाच हसू आलं.

"लेकीचं नाव विचारा," राहीबाई म्हणाली. "लेकीचं नाव घ्यायला आमाला कुनाची लाज न्हाई. लिवा. सोनी. तिची आई गेली, मी आजी हाय. ती साळंत येनार."

साहेबांनी कारकुनाला नवा कागद घ्यायला सांगितलं. मग काय विचारता! शेवंता पुढे झाली, तिनं थोरल्या लेकीचं, गयाचं नाव घेतलं आणि वर सांगितलं की धाकटी ठकू रांगतीय, तिचंबी आत्ताच लिवून ठेवा. रडणारी डोळे पुसून आली आणि चंद्राचं नाव घेऊन गेली. तांबोळ्याची हलीमाबी आली, तिनं नूरीचं सांगितलं आणि उर्दूबी शिकवा म्हणून अटही घातली. सात पोरी शाळेत अजून नव्हत्याच, त्यांच्या आयांनी तिथल्या तिथं ठरवलं. कुणी मागे वळून पारावर पाहिलंसुद्धा नाही. कारकुनाचा हात दुखायला लागला तेव्हा एकोणीस नावं झाली होती. कागद चौकशीचा काढला होता, आणि बघता बघता शाळेचा हजेरीपट तयार झाला.

साहेबांनी खाली सही केली. शाळा चालू ठेवावी, असं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि गोदेला वाचून दाखवलं. गोदा आत जाऊन मारुतीपुढे बसली आणि मनसोक्त रडली. मीही बसले तिच्याजवळ. बाहेर सोनी एकोणीस नावं मोठमोठ्यानं म्हणत होती.

मी सभा पाहिल्यात, ठराव पाहिलेत, विदुषींची व्याख्यानं ऐकलीत. राजकारण म्हणजे काय ते मला त्या दिवशी एका अडाणी म्हातारीनं शिकवलं. समोरच्यानं चुकीचा प्रश्न विचारला तर उत्तर शोधत बसू नये, प्रश्न बदलून मागावा. मला हे सुचलं नव्हतं, आणि भाषणं मी करते.

निघायच्या सकाळी राहीबाई गाडीपाशी आली. हातात शेंगदाण्याची चटणी आणि चार धपाटे. चार दिवस टिकत्यात म्हणाली, आणि खरंच टिकले. मग तिनं सहज विचारलं, "अन् बाई, तुमची लेक कितवीला हाय?"

मी म्हटलं, "पाचवीत."

"नाव काय?"

"कमल."

"मंग बरं," ती म्हणाली. "सोनीला सांगते. नगरला कमळ म्हनून एक हाय, ती पाचवीत हाय. तुजं बी तसंच व्हनार."

गाडी हलली. गाडीवान मला गावाची माहिती सांगत होता आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. धपाट्यांचं फडकं मांडीवर तसंच धरून मी वडवणीपर्यंत बसले.

परतीच्या वाटेवर कपिलधारला थांबले. बीडपासून फार लांब नाही, बैलगाडीनं अर्धा दिवस धरा. पौर्णिमेची जत्रा नुकतीच उठली होती, उसाची चिपाडं आणि विझलेल्या चुली सगळीकडे पडल्या होत्या. धबधबा अजून जोरात होता. पाण्याखाली हात धरून पुष्कळ वेळ उभी राहिले. एरवी मी इथल्या देखाव्यावर पानभर लिहिलं असतं. जाणाऱ्यांनी जत्रेनंतरच जावं, गर्दी नसते, आणि शेवाळ आहे, वहाणा काढून जपून चालावं.

नगरला संध्याकाळी पोचले. कमल चुलीपुढे होती. तव्यावर भाकरी, एका हातात उलथणं, आणि दुसऱ्या हातात चुलीच्या उजेडाला धरलेलं धाकट्या भावाचं पुस्तक. मला बघून तिनं ते पाटाखाली सारलं. चोरी केल्यासारखं! माझ्या पोटच्या पोरीनं, माझ्या घरात.

श्रावणात तिला काढताना मी म्हटलं होतं, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. सासूबाईंचे गुडघे हे खरं कारण नव्हतं. गावोगाव जाऊन स्त्रीशिक्षणावर बोलायला मला वेळ हवा होता, आणि तो वेळ मी कमलच्या शाळेतून काढला होता. तुम्हाला तेलगावचा रस्ता सांगायचा आणि हे लपवायचं, असं मला जमणार नाही.

सोमवारी तिला घेऊन शाळेत गेले. बाईंनी वही उघडली आणि वडिलांचं नाव विचारलं. ते मला येतं, तीनदा मोठ्यानं घेता येतं. मी म्हटलं, आधी मुलीचं लिहा.

वाटेत कमलनं विचारलं होतं, मग भाकऱ्या कोण करणार? मी म्हटलं, मी करीन. तिचा विश्वास बसला नाही, आणि पहिल्या दिवशीच्या भाकऱ्या पाहून सासूबाईंचाही बसला नाही. मंडळात आता मी महिन्यातून एकदा बोलते. यांनी एक दिवस चहा करून पाहिला, तो कुणी प्यायला नाही, पण केला.

परवा गोदेचं पत्र आलं. ठकू चालायला लागली, नूरीला उर्दू शिकवायला हलीमाबीचा भाऊ येतो. खाली सोनीनं वाकड्यातिकड्या अक्षरांत स्वतः लिहिलंय: कमळ पाचवीत हाय का?

राहीबाईशी मी खोटं बोलले होते. उत्तर कमलनंच लिहिलं, शाळेतून आल्यावर: आहे.