गायकवाड सरांची एकच फाईल

छापलेल्या कागदावर कुणी पेनाने दुरुस्ती केलेली दिसली की गायकवाड सर तो कागद हातातून काढून घेत आणि शांतपणे त्याचे चार तुकडे करीत. समोर साहेब आहे की शिपाई, हे ते बघत नसत. मी नोकरीला लागले त्याच्या तिसऱ्याच दिवशी माझा कागद फाडला. 'ताई, ह्यो कागद मेलेला हाय,' ते म्हणाले. 'मेलेल्याला औषध पाजून काय उपेग? फाईलीत जावा.' मला इतका राग आला की मी त्या दुपारी डबा उघडलाच नाही.

शिक्रापूरच्या चौकातल्या ट्रकांच्या गर्दीतून सुटलं की थोडं पुढे आमची कंपनी. तिथे कडबा कुट्टीची, म्हणजे जनावरांचा चारा बारीक कापायची यंत्रं तयार होतात. मी शिरूरची, मराठी घेऊन बी.ए. झालेली. इंजिनिअर लोक इंग्रजीत लिहून देतील त्या सूचनांचं मराठी करायला मला घेतलं होतं. विभागाचे प्रमुख गायकवाड सर आणि विभागात आम्ही दोघंच, त्यामुळे हे प्रमुखपण त्यांना माझ्यावरच गाजवावं लागे. ते दौंड तालुक्यातल्या राहूचे. पाबळला वेल्डिंग शिकून कंपनीत लागले, मग स्वतःच्या हौसेने कॉम्प्युटर शिकले आणि वर्कशॉपमधून वर ऑफिसात आले. रोज राहूहून मोटरसायकलवर येत. आल्याबरोबर हेल्मेट काढायच्या आधी 'जय भीम' म्हणत, मग तोंड धूत.

त्यांची पद्धत मला समजायला महिना लागला. एका यंत्राची माहिती चार ठिकाणी जाते: यंत्राबरोबरची पुस्तिका, यंत्रावरचं स्टिकर, दुकानातला भिंतीवरचा तक्ता आणि मोबाईलवरचं पान. पूर्वी या चारही गोष्टी वेगवेगळ्या टाईप होत. पुस्तिकेत एक सांगितलेलं, स्टिकरवर भलतंच. सरांनी ते सगळं मोडून एकच फाईल केली. तिच्यात प्रत्येक वाक्याला खूण लावायची: ही पायरी, हा इशारा, हा सुट्या भागाचा नंबर. मग बटण दाबलं की कॉम्प्युटर त्याच फाईलीतून चारही गोष्टी बनवून देई. इशाऱ्याला पुस्तिकेत लाल चौकट मिळे, स्टिकरवर मोठी अक्षरं मिळत. 'हीर एकच, पाट चार,' सर म्हणायचे. 'पाटात औषध टाकू नका. हिरीत टाका, समद्या वावराला पोचतंय.'

साहेब लोकांना याचं काही कौतुक नव्हतं. 'गायकवाड, शेतकरी पुस्तिका वाचतो कुठे? तो ती गोठ्याच्या वळचणीला खोचतो,' असं आमचे मॅनेजर मीटिंगमध्ये म्हणत आणि सगळे हसत. सर हसत नसत. 'वाचणारा एक तरी असतोय साहेब,' एवढंच म्हणत. जागेवर परत आल्यावर मात्र माझ्यावर घसरत. 'ताई, त्या एकासाठी लिवा. चुलीवर दूध ठिऊन वाचणाऱ्या बाईला एका दमात कळलं पाहिजे.' माझी लांब वाक्यं ते निर्दयपणे तोडत. मी कॉलेजात शिकलेलं सगळं मराठी त्या माणसाने दोन वर्षांत सोलून काढलं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरच मला मराठी लिहिता यायला लागलं.

नव्या मॉडेलच्या वेळी सर चार दिवस रजेवर होते, पुतणीच्या लग्नाला. पुस्तिका शिरूरच्या प्रेसमध्ये गेली होती, पहिल्या खेपेला तेवढीच छापायची होती. दुपारी टेस्टिंगच्या इंजिनिअरचा मला फोन आला. या मॉडेलचं चाक जड आहे, मोटर बंद केल्यावरही पात्यांसकट बराच वेळ फिरत राहतं, तेव्हा अडकलेला चारा काढायच्या आधी चाक पूर्ण थांबू द्या, ही ओळ घालायलाच हवी. मी फाईल उघडली, ओळ लिहिली, खूण लावली. कॉम्प्युटरने लाल रंगात चूक दाखवली. कुठली तरी खूण वाक्याच्या शेवटी बंद करायची राहिली होती. तीन वेळा केलं, तीन वेळा तेच. प्रेसवाल्याचे फोन वर फोन. शेवटी मी फाईल तशीच, न बदलता बंद केली, एसटी पकडून शिरूरला गेले आणि प्रेसवाल्याच्या शेजारी बसून छपाईच्या पानातच ती ओळ घालून घेतली. पुस्तिका छापून आली. ओळ ठळक दिसत होती. मी स्वतःवर खूष होते.

सोमवारी सर आले. त्यांना सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर प्रेसमध्ये जाऊन काय केलं म्हणून त्यांनी माझी सालटी काढली असती. म्हटलं, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला, आणि मग ती गोष्ट माझ्या डोक्यातून पार निघून गेली. मी यापेक्षा मोठं कारण शोधून पाहिलं आहे. सापडत नाही.

काही महिन्यांनी पुस्तिका संपली. सरांनी बटण दाबलं आणि फाईलीतून नवी पुस्तिका, स्टिकर, तक्ता, मोबाईलचं पान असं सगळं एका दिवसात बाहेर पडलं. चारही ठिकाणी ती ओळ नव्हती.

भीमेकाठच्या एका गावातली बाई. तिने मोटर बंद केली, झाकण उघडलं आणि चारा काढायला हात घातला. उजव्या हाताची चार बोटं गेली. सर तिला बघायला दवाखान्यात गेले, मला बरोबर घेऊन. ती सरांना म्हणाली, 'दादा, म्या पुस्तक वाचून केलं व्हतं. आधी बंद करा म्हंतंय, मग झाकण उघडा म्हंतंय. तसंच केलं.' तिने माझी वाक्यं शब्दन् शब्द म्हणून दाखवली. एका दमात कळतील अशी होती ती. सर तिच्या खाटेशी उभे होते. वाचणारा एक भेटला, तो असा.

चौकशी झाली. मॅनेजरने जुनी आणि नवी पुस्तिका शेजारी शेजारी ठेवली. 'पहिल्या छपाईत ओळ आहे, दुसऱ्यात नाही. तुमच्या फाईलने ओळ खाल्ली, गायकवाड.' टेस्टिंगचे इंजिनिअर तोवर नोकरी सोडून गुजरातला गेले होते. सरांनी दोन्ही पुस्तिका नीट पाहिल्या. मग म्हणाले, 'फाईल माझ्या ताब्यात हाय. जबाबदारी माझी.' मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होते. माझं कायम होण्याचं पत्र त्याच महिन्यात निघायचं होतं, नवऱ्याची कंपनी बंद पडलेली होती. ही कारणं खरी आहेत आणि त्यांची मला आजही लाज वाटते. मी गप्प बसले.

तीन दिवसांनी सरांकडून राजीनामा घेतला. एकाच ठिकाणी ठेवलं म्हणून सगळीकडे चुकलं, असा कंपनीने निष्कर्ष काढला आणि चार वेगळ्या फायली पुन्हा सुरू केल्या. सरांचं आयुष्यभराचं काम एका मीटिंगमध्ये मोडीत निघालं. मला कायम झाल्याचं पत्र मिळालं आणि त्या चार फायलीही माझ्याकडे आल्या.

दोन महिन्यांनी मी राहूला गेले. सर ओसरीत बसले होते, फार वाळले होते. वहिनींनी चहा ठेवला. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं.

'मला म्हाईत हाय, ताई,' ते म्हणाले. 'फाईल कवा ओळ खात न्हाई. जी ओळ छापलेल्यात हाय आन् फाईलीत न्हाई, ती कुनीतरी प्रेसवर घातलेली. प्रेसवर तुम्हीच गेल्ता.'

'मग तिथे बोलला का नाहीत?'

'तुम्ही बोलशाल वाटलं. तीन दिस वाट बघितली.'

मी रडायला लागले. त्यांनी वहिनींना पाणी आणायला सांगितलं. मग म्हणाले, 'मला सांगून आता काय व्हनार? साहेबांना सांगा. माझ्या नोकरीचं ऱ्हाऊ द्या, पर ती एक फाईल परत चालू करा. चार फायलीत आजून कुनाचा तरी हात जाईल.' मी हो म्हणाले. अगदी पाया पडून, शब्द देऊन निघाले.

सोमवारी मॅनेजरच्या केबिनपाशी गेले. ते फोनवर होते. मंगळवारी ते बाहेरगावी होते. नंतरच्या कुठल्याही दिवसाला माझ्याजवळ कारण नाही.

सर दिवाळीच्या आधी गेले. झोपेतच गेले, असं त्यांच्या मुलीने कळवलं. पुण्यानुमोदनाला आम्ही ऑफिसातले आठजण राहूला गेलो. बुद्धवंदना झाली, गावातले लोक त्यांच्याविषयी बोलले. मग आमच्या मॅनेजरना उभं केलं. त्यांनी सरांची शिस्त सांगितली, कष्ट सांगितले, आवाज खाली आणून म्हणाले, 'माणूस सोन्यासारखा. एवढी एक चूक त्यांच्या हातून झाली.'

आमच्या ऑफिसच्या रांगेतल्या सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.