पट्टीवरचं कुंकू

खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा होते. यंदा विभागप्रमुखांनी उत्साहाच्या भरात माझ्या टेबलावरच्या निकेलच्या पट्ट्यांनाही हळदकुंकू लावलं, वर झेंडू ठेवला.

त्या पट्ट्यांवर मी मँगनीज ऑक्साइडची फुलं वाढवली होती. नुसत्या डोळ्यांना काळपट थर दिसतो, सूक्ष्मदर्शकाखाली पाकळी न् पाकळी. त्या पाकळ्यांच्या फटींमुळेच वीज झटकन साठते आणि झटकन परत मिळते. आता त्या फटींत कुंकू बसलं होतं.

"सर, हे काय केलंत!"

"अहो, शुभ असतं. पुसून टाका की."

पुसलं तर फुलंही जातील, हे विभागप्रमुखांना सांगावं लागतं? माझं डोकंच सणकलं. आपल्याकडे हात जोडले की बघायची जबाबदारी संपते. समोर काय आहे, ते कशावर चालतं, कुणी विचारत नाही. माखलं की झालं.

तणतणत बेसिनपाशी गेले. आरशात माझ्या कपाळावर तेच कुंकू होतं. विभागातली मी एकटीच बाई, म्हणून पूजेला आलेल्या सरांच्या मिसेसनी मान देऊन लावलेलं. माझं काम काय, हे त्या घोळक्यात कुणीच विचारलं नव्हतं.

मी ते खसाखसा पुसलं. निदान माझ्यावरचं तरी पुसता येत होतं.